शहाण्णवला उकळणारं पाणी

थर्मामीटरमधला पारा शहाण्णवच्या रेघेपाशी थांबला. अगदी रेघेवर नाही. रेघेच्या जाडीच्या निम्म्याने वर. तिथे तो इतका स्थिर राहिला की हा पारा नसून काचेवरच कुणीतरी ओढलेली चकचकीत खूण आहे असं वाटावं. खाली चंचुपात्रातलं पाणी खदखदत होतं, तळाशी धरलेले बुडबुडे वर येऊन फुटत होते, वाफेने माझ्या चष्म्याची खालची कड धुरकट झाली होती, आणि पारा मात्र आपलं काम संपल्यासारखा उभा होता. मी डोळा त्याच्या पातळीत आणला, सवयीने श्वास धरला आणि म्हणाले, "शहाण्णव."

"आणि वहीत काय लिहिणार?" बाईंनी विचारलं.

"शंभर."

त्यांनी माझी प्रयोगवही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून उलटायला सुरुवात केली. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात 'अधिक चार' असं लिहिलेलं होतं. सहा आठवड्यांची पानं. मला त्या 'अधिक चार'चा थोडा अभिमानच होता. दिलेलं उपकरण तसंच खरं मानायचं नाही, आधी त्याची चूक शोधायची, मग ती प्रत्येक वाचनात धरायची, हे मी कुणी न सांगता केलं होतं. वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्याही वहीत असा कोपरा नव्हता. बाईंनी शेवटचं पान उलटलं. त्यावर अज्ञात पदार्थ क्रमांक सहाचा वितळणांक होता. एकशे बत्तीसचे मी एकशे छत्तीस केले होते, आणि तक्त्यात छत्तीसला कुणीच राहत नसल्यामुळे सर्वांत जवळचं, अडतीसचं नाव लिहून टाकलं होतं. तो साधा युरिया होता. बाईंनी वही मिटली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या गावाला समुद्र आहे का गं?"

त्या क्षणी मला आधी लाज वाटली नाही, हे नंतर पुन्हा पुन्हा आठवलं. आधी जे वाटलं ते जवळजवळ सुखाचं होतं. सहा आठवड्यांत माझं गाव कुठलं, हे कुणी विचारलं नव्हतं. हजेरी घेताना माझा नंबर सर्वांत शेवटी यायचा, तोवर पोरं बॅगा भरायला लागलेली असायची, आणि मी 'हजर' म्हटलेलं मला स्वतःलाच ऐकू यायचं नाही. आणि या बाईंनी नुसत्या चार अंशांवरून माझ्या घराच्या पायरीपर्यंत माग काढला होता. मी मान हलवली. "अगदी काठावर," म्हणाले.

"तरीच. अगं, इथे आपण साडेअकराशे मीटर वर आहोत. हवा विरळ आहे. इथे पाणी शहाण्णवलाच उकळतं. थर्मामीटर बरोबर आहे तुझं." मग जरा थांबून, "हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला सांगतो. पोरं घरूनच शिकून येतात म्हण ना."

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी इथे नव्हते. तेव्हा मी दोन गाड्या, एक रात्र आणि पाऊण दिवस इतक्या अंतरावर, खारट वाऱ्याने बिजागऱ्या खाल्लेल्या एका प्रयोगशाळेत शिकत होते. तिथे सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं की शंभर म्हणजे पाणी उकळतं तो अंश, हा प्रश्न विचारण्याचा विषयच नाही. सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि कॉलेजने दुसऱ्या वर्षापासून रसायनशास्त्र बंद केल्याची नोटीस लावली. हवं तर सर्वसाधारण शाखेत बसा, बाकं रिकामी आहेत. इथे बदली घेऊन येताना शेवटचे दोन तास बस चढण चढत होती. माझे कान बंद झाले होते, आवंढा गिळला की पुन्हा उघडत होते. शेजारच्या बाईने लहान मुलीला गोळी चघळायला दिली, तशी मलाही एक दिली. कान का बंद होतात हे मी शाळेत शिकले होते. उत्तरपत्रिकेत लिहून तीन गुणही मिळवले होते. पण कानांचं ते बंद होणं मी तिथेच, बसमध्ये सोडून उतरले. ट्रंक कुणी उचलायची आणि पहिली रात्र कुठे काढायची यातच माझं डोकं गुंतलं होतं.

"पण बर्फात का नाही बुडवलंस?" बाई विचारत होत्या. "थर्मामीटर दोन टोकांना तपासतात. एका टोकाला नाही. बर्फात शून्य दाखवलं असतं, तर तुला तिथेच कळलं असतं."

"बर्फ स्टोअरमध्ये मागावा लागतो."

"मग?"

मागितला नव्हता. त्याला शास्त्रीय कारण नव्हतं.

पहिल्या दिवशी मी स्टोअरच्या खिडकीशी उभी होते, काचसामानाची यादी हातात धरून. स्टोअरवाल्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं होतं. "तू कुठल्या वर्गाची? पहिल्या वर्षाला पाहिल्यासारखं वाटत नाही." बदलून आलेय, म्हटलं. "हात्तिच्या! म्हणजे मधूनच उगवलीस होय!" मागे रांगेतले चौघं-पाच जण हसले. वाईट हसले नाहीत. कुणीही हसेल तसे हसले. काकांनी मला थर्मामीटर काढून दिलं, त्यावर हिऱ्याच्या टोकाने सतरा आकडा कोरलेला होता, आणि बजावलं, "फुटलं तर नवं आणून द्यायचं. इथे माया नाही." नव्या थर्मामीटरइतके पैसे माझ्याकडे महिन्याअखेर कधीच उरणार नव्हते. म्हणून मी ते रुमालात गुंडाळून ठेवायची, आणि त्या दिवशी मनाशी एक नियम केला: जे न मागता मिळेल तेवढ्यातच भागवायचं. पाणी नळाला येत होतं. बर्नर टेबलावर होता. उकळतं पाणी न मागता मिळत होतं. बर्फ मिळत नव्हता.

हा नियम पुढे सगळीकडे पसरला. ग्रंथालयात वरच्या फळीवरचं पुस्तक हवं असेल तर मी खालच्या फळीवरचं घ्यायची. खोलीतही तेच. मालकीणबाईंनी मोठ्या खोलीत प्लायवूडची भिंत घालून दोन खोल्या केल्या होत्या आणि ती भिंत नेमकी खिडकीच्या मध्यावर आली होती, त्यामुळे माझ्या वाट्याला अर्धी खिडकी होती आणि कडी पलीकडच्या वाट्याला. पलीकडची मुलगी नर्सिंगला होती. तिच्या पाळ्या बदलायच्या, ती खिडकी कधी उघडायची, कधी बंद करायची, आणि माझ्याकडे त्याप्रमाणे हवा यायची किंवा थांबायची. मी एकदाही भिंतीवर टकटक करून 'खिडकी उघडी ठेवशील का' असं म्हटलं नाही. रात्री ती कूस बदलायची ते ऐकू यायचं. तिलाही माझं ऐकू येत असणार. आम्ही दोघी जिन्यात भेटलो की एकमेकींना वाट द्यायचो.

आणि बटाटे. बटाटे सर्वांत स्वस्त होते, विजेच्या छोट्या शेगडीवर एका भांड्यात होत होते. पण शिजत नव्हते. घरी जेवढ्या वेळात उकडायचे त्याच्या दीडपट वेळ ठेवूनही सुरी मध्यावर जाऊन अडकायची. मी ते तसेच खायची. बाहेरून मऊ, आत करकरीत. एकदा मालकीणबाई मीटर पाहायला आल्या आणि दारातच कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय गं, बटाटे शिजवतेस की दगड? मीटर बघ, भिंगरीसारखं फिरतंय." शेगडी मंद आहे बहुतेक, मी म्हटलं. "शेगडीला नाव ठेवू नकोस. याच शेगडीवर तुझ्या आधीच्या पोरीने तीन वर्षं काढली. झाकण ठेव, वर वजन ठेव, आणि मग बघ!" मी झाकण ठेवलं, त्यावर भौतिकीचं जाड पुस्तक ठेवलं. वाफेने पुस्तकाची पाठ सुटली. मला वाटायचं की मीच काहीतरी विसरलेय. घरी आत्या बटाटे लावायची तेव्हा मी कधी नीट पाहिलंच नाही, म्हणून मला साधे बटाटे उकडता येत नाहीत. रात्री पोटात दुखायचं, आणि त्या दुखण्याला मी घरच्या आठवणीच्या खात्यात टाकून देत होते.

बाई बोलत होत्या ते पुन्हा ऐकू यायला लागलं. "ही पानं राहू देत. इथे तापमानातला फरक काढलाय. वरच्यातही चार जास्त, खालच्यातही चार जास्त. वजाबाकीत चूक निघून जाते. म्हणून इतके दिवस लपून राहिली. फक्त अज्ञात पदार्थ पुन्हा कर. आणि जा, बर्फ घेऊन ये. माझ्यासमोर शून्य पाहा." मी वळले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. हजेरीची मोठी वही त्यांच्यापुढे उघडी होती. "हे काय, तुझं नाव अजून पेन्सिलनेच आहे. जुन्या कॉलेजचा दाखला भरला नाहीस?"

"आज भरायचा आहे."

"आज शेवटचा दिवस आहे, चारपर्यंत. चारनंतर ही पेन्सिल मला खोडावी लागेल, बरं का."

दाखला माझ्या पिशवीतच होता. गेले पंचेचाळीस दिवस होता. जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांनी तो देताना म्हटलं होतं, "हा तिकडे जमा होईपर्यंत तुझं नाव मी इथे ठेवतो. जमलं नाही तर परत ये, सर्वसाधारणला बस. जमा झाला की मात्र आपला संबंध संपला." ते चांगल्या मनानेच म्हणाले होते. पण त्या दिवसापासून मी दोन ठिकाणी अर्धी अर्धी बसत होते. इथल्या खिडकीवरच्या कारकुनांनीही मुदत दिली होती: तात्पुरता प्रवेश, मूळ दाखला आला की पक्का, आणि फीची सवलतही तेव्हाच लागू. सवलतीशिवाय इथे राहणं मला शक्यच नव्हतं, म्हणजे हा कागद दिला तरच मी इथली. मी रोज तो पिशवीत घालून नेत होते आणि रोज परत आणत होते. त्याच्या घड्या आता पांढऱ्या पडल्या होत्या.

बर्फ मागायला गेले तेव्हा काकांना बातमी आधीच लागली होती. "या, या, समुद्राकाठच्या बाईसाहेब," ते म्हणाले. "शंभर कुठे सांडलं म्हणे तुमचं?" मी म्हटलं, बर्फ हवाय. "मग आजवर कुठे गेला होतात? बर्फाला काय पैसे पडतात?" त्यांनी तगारीत बर्फ भरून दिला, वर मूठभर जास्त घातला, आणि म्हणाले, "तीस वर्षांत तू तिसरी. एक पोरगा तर भांडायला आला होता माझ्याशी, थर्मामीटर बदलून द्या म्हणून. तू भांडलीही नाहीस. नुसतीच चार चार मिळवत बसलीस!" या वेळी मागे कुणी नव्हतं, आणि हसायला आलं ते मलाच. वितळत्या बर्फात पारा खाली गेला, सावकाश, आणि शून्यावर येऊन थांबला. रेघेवरच. क्रमांक सतराने कधीच खोटं सांगितलं नव्हतं.

शून्य हा आमच्या घरातला शब्द होता. बाबा बंदरावर भरतीमापकाच्या नोंदी ठेवत. धक्क्याच्या टोकाला पाण्यात उभी केलेली एक रंगवलेली पट्टी होती, मीटर आणि सेंटिमीटरच्या खुणांची, आणि तिच्या तळाशी शून्य. जवळच्या केबिनमध्ये एक यंत्र होतं. त्याचं पेन फिरत्या कागदावर पाण्याची चढउतार दिवसरात्र काढत राहायचं. पण यंत्रावर विसंबायचं नाही; दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला माणसाने पट्टी डोळ्यांनी वाचायची आणि पेन चुकत असेल तर पट्टीप्रमाणे सरकवायचं, असा तिथला नियम. लहानपणी मी बाबांबरोबर जायची. "आधी पाणी बघ, मग पट्टी," ते सांगत. "आधी पट्टी बघितलीस तर डोळ्याला हवा तोच आकडा दिसतो." लाटेचा माथा घ्यायचा, लाटेचा तळ घ्यायचा, मधला आकडा आपला. तोवर श्वास धरायचा. वाचनाच्या वेळी श्वास धरायची सवय मला तिथली.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बाबा म्हणाले, "तीन ऐंशी." मी पाहिलं तर चार ऐंशी होतं, उधाण होतं, पाणी धक्क्याच्या वरच्या कड्यांना लागलं होतं. मी म्हटलं, "बाबा, चार." ते जरा थांबले आणि म्हणाले, "शाबास. परीक्षा घेत होतो तुझी." त्यानंतर रोजच परीक्षा होऊ लागली. ते आकडा सांगायचे, मी बरोबर आकडा सांगायची, ते 'शाबास' म्हणायचे आणि माझा आकडा वहीत लिहायचे. त्यांच्या उजव्या डोळ्यात दुधासारखं काही दिसत होतं, डाव्याचंही काही खरं नव्हतं, हे मी पाहत होते. आम्ही कुणीच तो शब्द काढला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं तर कागद होतो, आणि कागद झाला की ऑफिसात पोहोचतो. मला बदलीचं पत्र आलं तेव्हा आत्या चुलीशी वळून म्हणाली, "आणि पट्टी कोण वाचणार?" बाबा म्हणाले, "पट्टीचं काय एवढं! पाणी येतं आणि जातं. पोरगी एकदाच जाणार." मग ते स्वतःच्या विनोदावर फार वेळ हसले होते.

इथे आल्यावर दर रविवारी फोन व्हायचा. ते आठवड्यातले दोन-तीन आकडे सांगायचे. "सांग बघू, बरोबर की चूक?" मी चंद्राचा हिशेब मनात मांडायची. आकडा दर वेळी चुकीचाच असायचा असं नाही, पण चुकलेला असला तरी मी म्हणायची, "बरोबर, पैकीच्या पैकी." इतक्या लांबून दुसरं काय देता येणार होतं? ते 'शाबास' म्हणायचे. दोघंही खोटं बोलत होतो, सारखंच, म्हणून वजाबाकीत काही उरत नव्हतं.

ऑफिसच्या लांब कॉरिडॉरमध्ये रांग होती. माझ्यापुढे सात जण. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं. मी पाकीट बाहेर काढून हातात धरलं होतं, आणि मला अजूनही माहीत नव्हतं की खिडकीशी पोहोचल्यावर मी ते देणार आहे की काहीतरी विचारून परत फिरणार आहे. तसं मी याआधी दोनदा केलं होतं. एकदा सवलतीच्या फॉर्मचा रंग विचारला होता. पुढच्या मुलाच्या पाठीवर पिशवीच्या पट्ट्याचा घामाचा डाग होता, मी तोच पाहत उभी होते. मग रविवार नसताना मी बंदराच्या केबिनचा नंबर लावला.

"कोण? तू?" बाबांचा आवाज लगेच उंच झाला. "बरी आहेस ना? पडलीस बिडलीस का?"

"बरी आहे. बाबा, पाणी किती अंशाला उकळतं?"

"हे विचारायला फोन केलास? शंभर."

"इथे शहाण्णवला उकळतं." मग मी सगळं सांगितलं, अधिक चार, वहीचे कोपरे, युरिया, बर्फ. बटाटेही सांगितले. ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मागे केबिनच्या पत्र्यावर वाऱ्याचा आवाज येत होता, आणि एखादी सैल साखळी कशावर तरी आपटत होती. ती कुठली साखळी, हे मला ठाऊक होतं. "अगं वेडे," ते म्हणाले, "शंभर हा आमच्या दारातला! तो ट्रंकेत घालून वर नेलास? आणि कच्चे बटाटे खाल्लेस दीड महिना? आत्याला सांगू नकोस, ती इथून भांडं घेऊन निघेल." रांग एकाने सरकली. मीही सरकले.

"कुठे आहेस आता?"

"रांगेत. दाखला भरायची आज शेवटची वेळ आहे."

"अजून भरला नव्हतास?" साखळी दोनदा आपटली. "बरं. किती जण आहेत पुढे?"

"पाच."

"मग वेळ आहे. चल, परीक्षा. काल दुपारची. तीन साठ."

परवा अमावास्या होऊन गेली होती. काल दुपारचं पाणी ऐन भरतीचं. इथे समुद्र नव्हता, पण मला चंद्र माहीत होता, तो धक्का माहीत होता, वरच्या कड्यांवरचं शेवाळ माहीत होतं. तीन साठ असणं शक्य नव्हतं. 'बरोबर' हा शब्द माझ्या जिभेवर तयारच होता, सहा आठवड्यांच्या सवयीचा. खिडकीतून कुणीतरी पावती घेऊन बाजूला झालं.

"चूक आहे, बाबा," मी म्हणाले. "चारच्या खाली नसणारच. चार साठ असेल."

"शाबास. परीक्षा..."

"परीक्षा नाही."

मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, हिशेब देणाऱ्या माणसाच्या आवाजात, "काल पेन पट्टीशी जुळत नव्हतं. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मी पेन एक मीटर खाली घेतलं."

"पेन बरोबर होतं."

"तुझं थर्मामीटर होतं तसं."

"हो."

"म्हणजे आपण दोघंही..." ते थांबले. पुन्हा हसले, पण या वेळी खोकला आला नाही. "बापावर गेलीस म्हणायचं. चांगल्या यंत्राला सुधारायची खोड." मग हळू, "आज सहाची कोण वाचणार गं? आत्या म्हणते, तू परत ये. मी म्हणत नाही. आत्या म्हणते."

पुढे तीन जण होते. त्या वेळी मी धक्का पाहिला. पाहिला म्हणजे खराच: दुपारचं पांढरं ऊन, पट्टीचा उडालेला रंग, बाबा एक हात कठड्यावर ठेवून वाकलेले, आकडा दिसत नसताना आधी पाणी, मग पट्टी पाहणारे. मी तिथे उभी राहिले असते तर त्यांना आकडा मिळाला असता. आजचा, उद्याचा. पुढची किती वर्षं, याचा आकडा मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हता. ती वर्षं मी सर्वसाधारण शाखेच्या रिकाम्या बाकावर बसून काढली असती, आणि ते रोज शाबास म्हणाले असते.

"बाबा, साहेबांना सांगा. डोळे दाखवा. कालचा आकडा चुकलाय हेही सांगा, पेन वर घ्यायला लावा."

"सांगितलं तर पट्टी काढून घेतील माझ्याकडून."

"घेतील, बहुतेक."

"एकतीस वर्षं झाली."

"माहीत आहे."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा विषय बदलतील. पुढे एकच मुलगी उरली. तिचा फॉर्म चुकला होता, कारकून तिला दुसरा देत होते. "मी ठेवते आता," मी म्हणाले. "नंबर आला."

"ठेवू नकोस." ते घाईने म्हणाले. "चालू राहू दे. मी काही बोलत नाही. नुसता ऐकतो. खिडकीचा आवाज तरी ऐकू दे, कसली खिडकी आहे ती."

मी फोन कानावरून काढून छातीशी धरला. खिडकीचा लाकडी काठ कोपरांनी घासून गुळगुळीत झाला होता. आतल्या कारकुनांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला ओळखलं. "आलीस? आज काय विचारायचंय? फॉर्म हिरवाच असतो, मागेही सांगितलंय."

मी पाकीट आत सरकवलं. त्यांनी दाखला उघडला, पांढऱ्या पडलेल्या घड्यांवरून बोट फिरवलं. "हा काय रोज धुवायला टाकत होतीस?" मग शिक्क्याची डबी उघडली, शिक्का तिच्यात दाबला, आणि कागदावर वीतभर उंच तसाच धरून थांबले. "ऐक. हा बसला की तिकडचं नाव गेलं. वर्षाला दोघं-तिघं तरी मागाहून रडत येतात, साहेब परत द्या म्हणून. मला ते जमत नाही. म्हणून आधी विचारतो. घरच्यांशी बोललीस? ठरलंय नक्की?"

शिक्क्याच्या कडेला जांभळ्या शाईचा एक थेंब जमत होता. छातीशी धरलेल्या फोनमधून वाऱ्याचा बारीक आवाज येत होता, आणि साखळीचा. मी श्वास धरला होता, हे मला तेव्हा कळलं. मी तो सोडला आणि म्हणाले, पंचेचाळीस दिवसांत हजेरीलाही निघाला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात, खिडकीच्या आत आणि धक्क्याच्या टोकाला दोन्हीकडे ऐकू जाईल असं,

"ठरलंय. मी इथेच राहणार आहे."